गडकऱ्यांचं काय करायचं?

पुणे-नाशिक हायवेवर चाकणचं ट्रॅफिक एकदा पार केलं की माणूस कशावरही भांडू शकतो. आम्ही राम गणेश गडकऱ्यांवर भांडलो.

चौघं होतो. शनिवारची पहाट, शिवनेरीचा प्लॅन, गाडीत एकाच्या मोबाइलवर ‘छावा’ सिनेमातली गाणी. सिनेमावरून विषय संभाजी महाराजांवर आला आणि तिथून सरळ गडकऱ्यांवर. मागच्या सीटवरचा एकजण म्हणाला, “गडकरी म्हणजे हायवेवालेच ना?” (त्याची काही चूक नाही. या रस्त्यावर हे आडनाव घेतलं की कुणालाही आधी तेच आठवणार.) दुसरा आमचा टेस्टिंगमधला दोस्त. मूळ ओतूरचा, म्हणजे अस्सल जुन्नरकर. तो म्हणाला, “तेच ना, ज्यांनी संभाजी महाराजांना दारुडं दाखवलं?” आणि पुढे बसलेली आमची ठाणेकर मैत्रीण एकदम वळून म्हणाली, “अरे, ‘एकच प्याला’वाले गडकरी! आमच्याकडे त्यांच्या नावाचं अख्खं थिएटर आहे!”

दोघंही बरोबर होते. प्रॉब्लेम तिथेच तर आहे.

मंचरला चहाला थांबलो तरी भांडण संपेना. ठाणेकर मॅडमचं म्हणणं, एवढ्या मोठ्या लेखकाचा पुतळा फोडणारे अडाणी. ओतूरकराचं म्हणणं, आमच्या राजाची बदनामी ज्यांनी टाळ्या वाजवत बघितली, ते शहाणे कसे? आणि गंमत म्हणजे गडकऱ्यांचं एकही पान दोघांपैकी कुणी वाचलेलं नव्हतं. आता हे काही त्या दोघांपुरतं नाही. जानेवारी २०१७ मध्ये टीव्हीवर रात्र-रात्र जे भांडत होते, त्यांच्यातले तरी किती जण वाचून आले होते?

तर हा आठवडा गडकऱ्यांचा. आणि सोबतीला एक अमेरिकन. कारण जगात हा पेच एकट्या आपल्या वाट्याला आलेला नाही.

१८८५ साल. फेब्रुवारीत अमेरिकेत मार्क ट्वेनची ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ हकलबेरी फिन’ ही कादंबरी बाजारात आली. त्याच वर्षी २६ मे रोजी इकडे गुजरातेत, नवसारीला, राम गणेश गडकरी जन्मले. योगायोगच, पण मस्त आहे. ट्वेनला चौऱ्याहत्तर वर्षांचं भरगच्च आयुष्य मिळालं. दिवाळं निघालं, मग कर्ज फेडायला तो जगभर भाषणं देत फिरला. त्याच दौऱ्यात जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईत वॉटसन हॉटेलात उतरला होता आणि तिथल्या आगाऊ कावळ्यांवर त्याने धमाल लिहून ठेवलंय. तेव्हा आपले गडकरी दहा वर्षांचे. त्यांना मात्र पुढे जेमतेम तेवीस वर्षं मिळायची होती. २३ जानेवारी १९१९ ला नागपूरजवळ सावनेरला ते गेले, तेव्हा वय होतं तेहेतीस. म्हणजे आपल्यापैकी बरेच जण ज्या वयात टीम लीड होऊन होम लोनचे हप्ते मोजत असतात, त्या वयात हा माणूस सगळं लिहून मोकळा झाला होता.

सगळं म्हणजे किती? चार पूर्ण नाटकं : ‘प्रेमसंन्यास’, ‘पुण्यप्रभाव’, ‘एकच प्याला’ आणि ‘भावबंधन’. ‘राजसंन्यास’ आणि ‘वेड्यांचा बाजार’ ही दोन अर्धवट. ‘गोविंदाग्रज’ या नावाने कविता (धाकट्या भावाचं नाव गोविंद, म्हणून आपण गोविंदाचे अग्रज, इतकं साधं ते). आणि ‘बाळकराम’ या नावाने विनोदी लेख. बॅकग्राऊंड म्हणाल तर अगदी आपल्या एखाद्या मित्रासारखं. वडील लवकर गेले, पुण्यात शिक्षण, फर्ग्युसनमध्ये प्रवेश, गणिताने दगा दिला, कॉलेज सुटलं. मग किर्लोस्कर नाटक मंडळीत नोकरी, कंपनीतल्या पोरांना शिकवायची. आजच्या भाषेत ड्रॉपआउट. गुरू मानलं ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना. ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून मराठीत विनोदी लेखाचा रस्ता ज्यांनी पाडला, तेच हे कोल्हटकर. बाळकराम त्याच पोह्यांच्या गावचा पाहुणा. तीच मंडळी पुढे नेऊन गडकऱ्यांनी त्यांना आपली फोडणी दिली.

‘एकच प्याला’ तुम्ही पाहिलं नसेल, पण वापरता रोज. शुक्रवारी संध्याकाळी “चल रे, फक्त एकच!” म्हणणारा जो कलीग प्रत्येक ऑफिसात असतो, त्याला गडकऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी तळीराम हे नाव देऊन ठेवलंय. बेवड्यांची रीतसर संस्था काढून तिला ‘आर्य मदिरा मंडळ’ असं भारदस्त नाव देणारा माणूस किती कडक असेल, विचार करा! हसवता हसवता ते नाटक अशा जागी नेतं की घशाखाली काही उतरत नाही. सुधाकर वकील, त्याची बायको सिंधू, तान्हं मूल, आणि ग्लासाच्या तळाशी बुडालेलं ते घर. नाटक रंगमंचावर आलं २० फेब्रुवारी १९१९ ला, बडोद्यात, गंधर्व नाटक मंडळीकडून. सिंधू झाले होते खुद्द बालगंधर्व. लेखकाला जाऊन महिना व्हायला तीन दिवस बाकी होते. आपल्या सर्वांत गाजलेल्या नाटकाची पहिली टाळी त्याने ऐकलीच नाही.

आता ‘राजसंन्यास’कडे. टाळून चालणार नाही.

संभाजी महाराजांवरचं हे नाटक गडकरी पुरं करू शकले नाहीत. जे काही प्रवेश लिहून झाले होते, ते त्यांच्या पश्चात छापले गेले. भाषा म्हणाल तर तोफखाना. आजही एकपात्री स्पर्धांमधून पोरं त्यातली लांबलचक स्वगतं छातीठोकपणे म्हणतात. पण त्या भाषेने उभा केलेला संभाजी कसा आहे? मदिरा आणि तुळशी नावाची एक काल्पनिक बाई यांच्या नादी लागून राज्य घालवणारा, आणि शेवटी पश्चात्तापाने पोळलेला. शोकांतिकेचा नायक म्हणून जबरदस्त. इतिहास म्हणून?

इतिहास म्हणून साफ चूक. यात मला ‘दोन्ही बाजू’ वगैरे दिसत नाहीत. संभाजी महाराजांची ही प्रतिमा आली कुठून, तर बऱ्याच अंशी बखरींमधून, आणि त्यातही मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीतून. ही बखर लिहिली गेली महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून जास्त वर्षांनी. आणि लिहिणाऱ्याचा पूर्वज कोण? बाळाजी आवजी. शिवाजी महाराजांचे चिटणीस, ज्यांना १६८१ मध्ये संभाजी महाराजांनी देहदंड दिला होता. घरातल्या माणसाला ज्याने मारलं, त्याचं चरित्र घरच्याच माणसाने लिहायचं! एचआर अशा माणसाला अप्रेझल कमिटीवरसुद्धा बसवणार नाही. पण नाटककारांना ही बखर म्हणजे आयतं घबाड. बिघडलेला राजपुत्र, वाईट सल्लागार, हाल हाल होऊन आलेलं मरण. गडकऱ्यांच्या आधीही नाटकवाल्यांनी या मसाल्यावर हात मारला होता. गडकऱ्यांनी त्याला सोन्याचा वर्ख लावला, आणि वर्ख लावलेली गोष्ट जास्त टिकते.

हे गडकऱ्यांच्या विरोधात जातं की बाजूने? दोन्हीकडे थोडंथोडं. वा. सी. बेंद्रे यांनी हयातभर कागदपत्रं धुंडाळून संभाजी महाराजांचं साधार चरित्र छापलं ते १९६० मध्ये. डॉ. कमल गोखल्यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ आलं १९७१ मध्ये. नऊ वर्षं एकाच वेळी मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशी झुंजणारा, संस्कृतात ‘बुधभूषण’ लिहिणारा राजा या अभ्यासातून समोर आला. १९१९ मध्ये गेलेल्या माणसाने १९६० चं पुस्तक वाचायला हवं होतं असं कुणी म्हणणार नाही. पण तुळशी तर बखरकाराने दिली नव्हती. ती नाटकातलीच काल्पनिक बाई. आणि ‘अहो, नाटकच तर आहे’ हे उत्तर पुरेसं नाही, कारण आपल्याकडे लोक इतिहास पुस्तकातून कमी आणि नाटकातून, गॅदरिंगमधून, सिनेमातून जास्त शिकले. अजूनही तेच चाललंय. शाळेतल्या पोराने स्टेजवर झिंगलेला संभाजी बघितला की त्याच्या डोक्यात तोच बसतो. ओतूरचा माझा दोस्त ज्या रागाने बोलत होता तो राग पुस्तकी नव्हता. त्याचं म्हणणं सरळ होतं. “तुम्हाला तो नाटकातला हिरो आहे. आमच्याकडे माणसं वढूला जाऊन समाधीवर डोकं टेकवतात.”

२०१७ च्या ३ जानेवारीला पहाटेच्या अंधारात, पुण्यात जंगली महाराज रोडवरच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा अर्धपुतळा उखडला गेला आणि मुठेत फेकला गेला. संभाजी ब्रिगेडने जबाबदारी घेतली, कार्यकर्त्यांना अटक झाली, पुतळा नदीतून बाहेर काढला गेला. महापालिकेची निवडणूक पुढच्याच महिन्यात होती, हेही जाता जाता लक्षात ठेवा. मग सुरू झाली ती जातीची मोजदाद. काहींनी गडकऱ्यांना ‘ब्राह्मणी’ ठरवून टाकलं. ते होते चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, पण टीव्हीवरच्या भांडणाला एवढं थांबायला वेळ कुठे? दुसरीकडून ‘मराठीचे शेक्सपियर’ म्हणून आरत्या सुरू झाल्या. आरती आणि हातोडा, दोन्हींमध्ये एक सोय असते. पुस्तक उघडावं लागत नाही.

आता जरा अमेरिकेत जाऊन येऊ, कारण तिथे हे भांडण आपल्यापेक्षा जुनं आहे.

हकलबेरी फिन हा मिसिसिपी नदीवरून तराफ्याने पळालेला एक वांड पोरगा. त्याच्यासोबत जिम, गुलामीतून पळालेला काळा माणूस. हकला लहानपणापासून शिकवलंय की पळालेला गुलाम म्हणजे कुणाची तरी मालमत्ता, आणि त्याला मदत करणं म्हणजे चोरी, पाप. शेवटी पोरगं ठरवतं की पाप लागलं तर लागू दे, मी जिमला पकडून देणार नाही. १८८५ मध्येच मॅसॅच्युसेट्समधल्या कॉनकॉर्डच्या सार्वजनिक वाचनालयाने पुस्तक काढून टाकलं, पण कारण वेगळंच : भाषा गावंढळ, पोरांवर वाईट संस्कार. (आपल्याकडच्या संस्कृतिरक्षकांचे सख्खे चुलतभाऊ!) विसाव्या शतकात आक्षेप बदलला आणि खरा झाला. काळ्यांसाठीची एक हलकट शिवी त्या पुस्तकात दोनशेहून जास्त वेळा येते. वर्गात गोरी मुलं ती मोठ्याने वाचणार आणि एकटं बसलेलं काळं पोर ते ऐकणार. त्या आईबापांना ‘अहो, व्यंग आहे ते, व्यंग समजून घ्या’ असं सांगणं सोपं होतं का? १९५७ मध्ये न्यूयॉर्क शहराने शाळांच्या मान्य पुस्तकांच्या यादीतून ते काढलं. २०११ मध्ये एका प्राध्यापकाने ती शिवी काढून तिथे ‘गुलाम’ हा शब्द घालून नवी आवृत्ती आणली. तिच्यावरही दोन्हीकडून दगड पडले.

ट्वेन स्वतः गुलामीच्या मुलखात वाढलेला, घरातही गुलाम पाहिलेले. पुढे तोच माणूस येल विद्यापीठातल्या एका काळ्या विद्यार्थ्याचा, वॉर्नर मॅकगिन याचा, खर्च उचलत होता. मूळ रहिवासी ‘इंडियन’ लोकांबद्दल मात्र त्याने जे लिहिलं, ते आज वाचवत नाही. एकाच माणसात हे सगळं. तरीही मला ट्वेन आणि गडकरी यांच्यात एक मोठा फरक वाटतो. ट्वेनने ज्यांच्या अंगावर आसूड ओढला, ते त्याच्या समोरचे, त्याच्याच रंगाचे, खुर्चीत बसलेले लोक होते. ‘राजसंन्यास’मध्ये गडकऱ्यांनी ज्याला उभं केलं, तो सव्वादोनशे वर्षांपूर्वी औरंगजेबाच्या कैदेत हाल होऊन मेलेला राजा होता. त्याला उत्तर देता येत नव्हतं.

उत्तर इतरांनी दिलं. आणि इथे आमचा शनिवारचा रस्ता खरंच उपयोगी पडला.

मंचर सोडलं की नारायणगाव येतं. टोमॅटोचा बाजार, आणि तमाशाची पंढरी. (आंबेगाव तालुक्यातून जाताना एक गोष्ट हटकून सांगावीशी वाटते. ज्या गावावरून तालुक्याचं नाव पडलं ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलंय. नाव सगळ्या सरकारी बोर्डांवर, गाव पाण्यात. आमच्या ठाणेकर मैत्रिणीच्या थिएटरचंही थोडंफार असंच. नाव दाराशी झळकतंय, पुस्तकं मात्र तळाला.) नारायणगावला जत्रांच्या सीझनमध्ये तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच येऊन सुपारी देऊन जातात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्याच. त्यांच्या नावाने आता सरकार पुरस्कार देतं, शेवटचे दिवस मात्र त्यांनी हलाखीत काढले आणि २००२ मध्ये त्या गेल्या. तमाशात राजावर जेवढं हसलं गेलं तेवढं कुठल्याच मराठी नाटकात नसेल. बतावणीत पाटलाची टर उडते, वगात राजा हमखास मठ्ठ आणि सोंगाड्या हुशार. त्यावरून कुणी राहुट्या जाळल्याचं कधी ऐकलंय? नाही, कारण तो राजा कुठल्याशा ‘नगरीचा’ असतो आणि हसवणारा खालच्या पायरीवर उभा असतो. बंदी आली ती वेगळ्या कारणाने. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत सरकारने अश्लील म्हणून तमाशा बंद पाडला, मग समिती बसवून ‘सुधारून’ परत सुरू केला. तेव्हा पोट ज्यांचं मारलं गेलं त्यांच्या बाजूने किती साहित्यिक उभे राहिले, हा एका वेगळ्या आठवड्याचा विषय.

याच नारायणगावचे डॉ. अमोल कोल्हे. डॉक्टर, नट, आणि २०१९ पासून शिरूरचे खासदार, म्हणजे जुन्नर आणि आंबेगाव दोन्ही तालुके त्यांच्याच मतदारसंघात. पुतळा पडला जानेवारी २०१७ मध्ये. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झी मराठीवर ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ सुरू झाली, २०२० पर्यंत चालली, आणि संभाजी महाराजांच्या भूमिकेत हे नारायणगावकर. माझ्या मते गडकऱ्यांच्या संभाजीला घराघरांतून खाली उतरवलं ते या मालिकेने. हातोड्याला ते जमलं नाही. मालिकेतली भडक म्युझिकची सवय मला मानवत नाही, आणि शुद्ध सोन्यासारखा नायक पाहून पाहून थोडा कंटाळाही येतो. पण लाखो घरांत रात्री जेवताना लोकांनी एक वेगळा संभाजी पाहिला, हे खरं.

आणि हे काम एका मालिकेचं नाही. वसंत कानेटकरांनी १९६२ मध्येच ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधून बाप-लेकाची ओढाताण मांडली आणि काशिनाथ घाणेकरांचा संभाजी लोकांच्या काळजात घुसला. १९७९ मध्ये शिवाजी सावंतांची ‘छावा’ आली. तिच्यावरचा हिंदी सिनेमा फेब्रुवारी २०२५ मध्ये. गंमत बघा, महाराजांचा जयजयकार करायला काढलेल्या त्या सिनेमालाही ट्रेलरमधल्या लेझीम नाचावरून आक्षेप आलाच, आणि दिग्दर्शकाने नाच काढून टाकला. दारूचा पेला राहू दे, लेझीमसुद्धा चालेना. आता उद्या कुणा लेखकाला थकलेला, चुकलेला, बायकोवर चिडलेला आणि मग ओशाळलेला संभाजी लिहायचा असेल, म्हणजे जिवंत माणूस, तर त्याने कुठे जायचं? मला राजसंन्यासाच्या भांडणातली सर्वांत मोठी नुकसानी इथे दिसते. चुकीच्या संभाजीच्या जागी खरा संभाजी यायला हवा होता. येतोय तो पुतळ्यातला.

अमेरिकेत २०२४ मध्ये पर्सिव्हल एव्हरेट या काळ्या लेखकाने ‘जेम्स’ नावाची कादंबरी लिहिली. ट्वेनचीच गोष्ट, तीच नदी, तोच तराफा, पण सांगणारा जिम. तो गोऱ्यांसमोर अडाणी बोली बोलतो, आणि आपल्या माणसांत असताना अस्खलित भाषेत विचार करतो, वाचतो, लिहितो. ट्वेनने जिमला जे दिलं नाही ते सगळं एव्हरेटने दिलं. त्या पुस्तकाला २०२५ चा पुलित्झर मिळाला. आणि ‘हकलबेरी फिन’ कुणी जाळलं नाही. उलट आता लोक दोन्ही पुस्तकं शेजारी-शेजारी ठेवून वाचतात.

शिवनेरीवर पोचलो तोवर ऊन चढलं होतं. सात दरवाजे चढून, शिवाईचं दर्शन घेऊन, जन्मस्थानाच्या इमारतीपाशी आलो. तिथे भांडायची कुणाची हिंमत नसते, ते ठीकच आहे. बदामी टाक्याशी बसल्यावर मी मोबाइलवर बाळकराम उघडला. गडकऱ्यांच्या लेखनाचा कॉपीराइट कधीच संपलाय, त्यामुळे ते सहज मिळतं. ‘रिकामपणची कामगिरी’तली ठकीच्या लग्नाची मोहीम वाचून दाखवली. ओतूरकर आधी तोंड वाकडं करून ऐकत होता. तिसऱ्या मिनिटाला हसला. पाचव्या मिनिटाला म्हणाला, “आयला, हे तर आमच्या तात्यांचं स्थळं बघणं!”

पण ठाणेकर मैत्रीण हसता हसता गप्प झाली होती. “आणि ती ठकी?” ती म्हणाली. “तिला कुणी विचारलं का?”

मला वाटतं गडकऱ्यांबद्दलचा सर्वांत अवघड प्रश्न तिनेच विचारला. त्या लेखांमध्ये कोरडे ओढलेत ते हुंडा मागणाऱ्या वरपक्षावर, पत्रिकांवर, रिकामटेकड्या मध्यस्थांवर. खणखणीत आणि न्याय्य. पण सगळा विनोद ज्या खुंटीला टांगलाय, ती खुंटी म्हणजे एक दिसायला बरी नसलेली मुलगी, जिचं लग्न जमत नाही. तिच्या रूपावर सगळे हसतात, लेखकासकट. ती स्वतः काहीच बोलत नाही. ‘एकच प्याला’तली सिंधूही तशीच. दारुड्या नवऱ्यापायी सगळं गमावते आणि शेवटपर्यंत त्याचीच बाजू घेते, आणि प्रेक्षक तिच्यासाठी नव्हे, तिच्या त्या पातिव्रत्यासाठी रुमाल ओले करतात. पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलींना तिचा दाखला दिला गेला. राजाची बदनामी झाली तर त्याच्यासाठी संघटना आहेत, चॅनल आहेत, निवडणुका आहेत. ठकीसाठी कुठल्याच बागेत कुणी हातोडा घेऊन आलं नाही. येऊही नये, पण निदान विषय तरी निघावा.

आणि ठकी काही १९१९ मध्ये संपली नाही. आपल्या मॅट्रिमोनियल प्रोफाइलमधला तो ‘वर्ण’ नावाचा रकाना बघा. ऑफिसच्या ग्रुपवर येणारे बायकोवरचे जोक बघा. ते आले की स्मायली कोण टाकतं तेही बघा. मैत्रीण म्हणाली ते मी तिच्याच शब्दांत देतो : “राजसंन्यास मला परका वाटतो रे, कुणाच्या तरी जुन्या भांडणासारखा. पण ठकीचं पान वाचताना माझ्या कांदेपोह्यांची आठवण झाली. दोन वेळा.”

तिने मग फोन माझ्या हातातून घेतला आणि पुढचं पान स्वतःच मोठ्याने वाचायला सुरुवात केली. वाचते छान. हसण्याच्या जागा बरोबर घेत होती, आणि ठकीचं नाव आलं की दर वेळी अर्धा सेकंद थांबत होती. ओतूरकर मान खाली घालून शेंगा सोलत होता. दोन-तीन पानांनंतर त्याने विचारलं, “यात ठकीचं पुढं काय होतं?”

ज्यांना तोच प्रश्न पडलाय, त्यांच्यासाठी : पुस्तकाचं नाव ‘संपूर्ण बाळकराम’. अप्पा बळवंत चौकात विचारा, एका पिझ्झापेक्षा महाग नसेल. ‘राजसंन्यास’ घ्यायचंच असेल तर शेजारी बेंद्रे ठेवा. आणि ठकीची गोष्ट ठकीच्या तोंडून कुणी लिहिणार असेल, तर मला पहिली प्रत हवी आहे, विकत.